जाताना वाजतं, येताना नाही

१

लावता पैज? या गोष्टीचा शेवट ओळखून दाखवा. पोरगा मेला म्हणाल, तर हरलात. म्हातारा मेला म्हणाल, तर अहो, हे बोलतंय कोण मग? सून पळाली म्हणाल, तर तिच्या कानावर घालीन, चहा बंद होईल तुमचा. तिघंही धडधाकट आहेत. आता ओळखा. आणि मधे बोलायचं नाही.

साल दोन हजार चार. मी पुरुषोत्तम, मिरजेकडचा. जन्मभर लोकांच्या घरावर मंगलोरी कौलं चढवली. पोरगा प्रसन्न इकडं अमेरिकेत, बेलव्ह्यूला, कॉम्प्युटरच्या कंपनीत, सून अस्मिता दुसऱ्या कंपनीत. मी सहा महिन्यांसाठी आलेलो.

प्रसन्नची आई तो दहा महिन्यांचा असताना गेली. त्याला वाढवला माझ्या धाकट्या बहिणीनं, शोभनानं. त्याच्यापायी लग्न नाही केलं तिनं. दोन स्थळं आली होती चांगली. म्हणाली, "पोराला कुठं टाकू?" शाळेत फॉर्मवर आईचं नाव लिहा म्हटलं, तर हा पठ्ठ्या 'आत्या' लिहून आला होता.

सकाळी आठला दोघं बाहेर. मग मी, भांडी, आणि दाराजवळचा डबा. चोरांसाठी असतो तो. दार उघडलं की वाजतो, टुंग. गेलं की टुंग, आलं की टुंग. गॅरेज खोक्यांनी भरलेलं, म्हणून सगळी ये-जा पुढच्या दारानंच. दिवसभर एकटा माणूस, त्या टुंगची वाट बघायचो. सहा वाजता अस्मिता, टुंग. सव्वासहाला प्रसन्न, टुंग. उन्हाळ्यात इथं नऊपर्यंत ऊन, त्यामुळं अंधारबिंधार काही नाही. जे झालं ते लख्ख उजेडात झालं.

रविवारी शिवांगी यायची जेवायला. अस्मिताची मावसबहीण. सगळी पोरं इंजिनियर व्हायला येतात, ही सिॲटलला रोमन लोकांचा इतिहास शिकायला आलेली. मी तिला सोडतोय होय?

"काय गं, तुझे रोमन मेले ना सगळे? मग कशाला उकरून काढतेस?"

"मेले कुठं काका? जुलै कुणाचा, ऑगस्ट कुणाचा? त्यांच्या राजांचा. आणि जानेवारी त्यांच्या दाराच्या देवाचा. दोन तोंडं होती त्याला. एक आत बघतं, एक बाहेर."

"मग नैवेद्य कुठल्या तोंडाला?"

ती हसायची. मग सांगायची, त्यांच्या घराला मधोमध छपराला भोक असायचं, खाली हौद, पावसाचं पाणी साठवायला. त्यांनी चुन्यात ज्वालामुखीची राख कालवून समुद्रात बांधलेल्या भिंती दोन हजार वर्षं उभ्या आहेत. तिथं मात्र मी मस्करी थांबवली. चुन्याची मस्करी मी करत नाही.

२

जूनचा पहिला शनिवार. प्रसन्न पत्रपेटीतनं टपाल आणायला रस्त्यापर्यंत गेला. समोरच्या झाडावरनं कावळा आला सरळ, आणि याच्या डोक्याला पाय लावून गेला. मी दारापुढच्या ओट्यावरनं बघितलं. पोरगा हसत आला, टाळूला हात लावत. दोन भोवरे आहेत त्याच्या टाळूला, लहानपणापासनं. नेमका तिथं ओरखडा.

"अंघोळ कर," म्हटलं. "डोक्यावरनं."

"बाबा, प्लीज. नेस्टिंग सीझन आहे. घरट्यात पिल्लं असतात. ऑफिसात तर छत्री घेऊन चालायचा ईमेल आलाय."

आमच्याकडं कावळा डोक्याला शिवला तर काय करतात, माहीत आहे ना? लांबच्या माणसाला कळवायचं, हा गेला म्हणून. ते खरं समजून रडलं की अरिष्ट टळलं. आणि मग लगेच, रडू वाळायच्या आत, सांगायचं की खोटं होतं, जिवंत आहे. रडवणं निम्मं काम. हसवणं निम्मं.

संध्याकाळी दोघं किराणा आणायला गेली. मी भारतात फोन करायचं कॉलिंग कार्ड घेतलं. शोभनाकडं फोन नाही, शेजारच्या लताबाईंकडं करायचा, त्या हाक मारतात. तिकडं रविवारची सकाळ. शोभना धावतच आली.

आता मी असा माणूस. साधं सांगून भागलं असतं. पण आवाज कापरा केला, हुंदका दिला, गाडीचा अपघात रंगवला. "सूनबाईला शुद्ध नाही," म्हटलं, "इकडं फोन करू नको, कुणाला सांगू नको." पलीकडनं असा आवाज आला, की मी फोन कानापासनं लांब धरला.

तिथंच सांगायला हवं होतं. पण म्हटलं, तासभर रडू दे. सगळ्या आळीत सांगत सुटली होती, "दादा अमेरिकेत सुनेची भांडी घासतो." घासत होतो. म्हणून तर राग आला होता. तासाभरानं कार्ड लावलं तर त्यातले पैसे संपलेले.

३

दुसऱ्या दिवशी शिवांगीला कावळ्याचं सांगितलं, फोनचं नाही. ती म्हणाली, "रोमन लोक पक्षी बघूनच ठरवायचे सगळं. लढाईला जायचं की नाही, तेसुद्धा."

"बघ, शहाणे होते."

संध्याकाळी नवीन कार्ड आणवलं. फोन लताबाईंनी उचलला.

"फार वाईट झालं हो पुरुषोत्तमकाका. शोभनाताई पहाटेच्या एसटीनं वाडीला गेल्या. तेरावं करूनच येते म्हणाल्या. कुठं उतरल्यात, माहीत नाही."

आता बोल. आता तरी बोल पुरुषोत्तमा. लताबाईंनी कुणाला तरी पाठवलं असतं, नरसोबाची वाडी काही लांब नाही. पण जीभ रेटेना. आळीत काय तोंड दाखवू? जिवंत पोराचं मरण सांगितलं गंमत म्हणून?

"हो," म्हटलं. "वाईटच झालं."

समोर सोफ्यावर प्रसन्न बसून केळं खात होता. आणि मी त्याच्या मरणाचं सांत्वन घेत होतो.

४

दहाव्या दिवशी, मंगळवारी, सव्वासहाला मी भाजी निवडत होतो. मान वर केली तर प्रसन्न समोर उभा.

"कधी आलास?"

"हा काय, आत्ता."

डबा वाजला नव्हता. म्हटलं, कान गेले. वय झालं.

बुधवारी सकाळी तो गेला, टुंग. संध्याकाळी आला, काही नाही. मी दारासमोरच खुर्ची टाकून बसलेलो. दार उघडलं, बाहेरचं ऊन आत आलं, पोरगा आत आला, दार लागलं. गप्प.

तो आत गेल्यावर मी दार उघडलं. टुंग. लावलं, परत उघडलं. टुंग. पाच वेळा केलं. अस्मिता वरनं ओरडली, "बाबा, दाराशी खेळू नका ना!"

"तुझा डबा बिघडलाय."

"सेन्सरचं मॅग्नेट लूज असेल. बघते वीकेंडला."

लूज असेल. पण लूज असलं तर कधी वाजेल, कधी नाही. हे तसं नव्हतं. अस्मिता आली, टुंग. मी आलो, टुंग. प्रसन्न गेला, टुंग. प्रसन्न आला, काही नाही. तीन दिवस मी मोजलं. त्या डब्याला विचाराल तर माझा पोरगा रोज सकाळी घरातनं जात होता, आणि परत कधीच येत नव्हता.

जिन्याची तिसरी पायरी लाकडी, मांजर चढलं तरी कुरकुरते. तो चढायचा. मी कान देऊन बसायचो.

५

हळूहळू बाकीचंही दिसायला लागलं. ताटातलं तसंच राहायचं. "कशालाच चव नाही बाबा." आणि हसून सांगायचा, ऑफिसात बॅज लावला की दार उघडत नाही, रोज कुणाच्या तरी मागनं शिरावं लागतं. आपोआप उघडणाऱ्या दुकानाच्या दारापुढं परवा उभा राहिला, तर दार ढिम्म. अस्मिता म्हणाली, "यार, डाएट कर म्हटलं होतं, गायब हो नाही म्हटलं." तिघंही हसलो. मी उठून ताटं उचलली.

तेरावं उलटल्यावर मी फोन केला. लताबाईंनी शोभनाला बोलावलं.

"शोभना, ऐक. पोराला कावळा शिवला होता, म्हणून तुला खोटं सांगितलं. प्रसन्न जिवंत आहे. मार मला आल्यावर."



"दादा, दहाव्याला पिंड ठेवला. लोकांना दोन-दोन तास थांबावं लागतं. मी हात जोडून म्हटलं, बाळा, काही राहिलं असेल तर सांग. म्हणेपर्यंत कावळा शिवला. झाडावरनं सरळ आला आणि घेऊन गेला."

"अगं पण तो जिवंत आहे!"

"त्यानं घेतलं, दादा. माझ्या डोळ्यांनी बघितलं. तू तिथं कुणाला जेवायला वाढतोयस?"

म्हटलं, थांब, त्यालाच देतो. प्रसन्न शेजारीच होता, त्याला यातलं काही माहीत नव्हतं. फोन घेतला. "आत्या! कशी आहेस? गुडघा कसा आहे?" थांबला. परत बोलला, मोठ्यानं. मग फोन माझ्याकडं दिला. "लाइन खराब आहे वाटतं."

मी कानाला लावला. लाइन स्वच्छ होती. लताबाईंच्या कुकरची शिट्टीसुद्धा ऐकू येत होती. आणि शोभना म्हणत होती, "हॅलो... हॅलो... दादा, कुणी बोलतच नाही रे."

त्याच संध्याकाळी साडेसहाला आम्ही टेबलाशी बसलेलो. दाराच्या बाजूला उभी, पलीकडलं धूसर दिसणारी काच आहे. काचेबाहेर माणूस होता. खांद्याला बॅगेचा पट्टा. घंटा वाजवत नव्हता, नुसता उभा. आपल्याच घराबाहेर कुणी आत घेईल म्हणून माणूस जसा उभा राहतो, तसा.

"कुणी आलंय," मी म्हटलं.

"कुठं?" प्रसन्ननं वळून बघितलं. काच रिकामी. ऊन नुसतं.

दुसऱ्या दिवशी साडेसहाला मी काचेकडं पाठ करून बसलो.

६

रविवारी शिवांगी आली. प्रसन्न वर झोपलेला. झोपूनच असायचा आता. मी तिला परसात नेलं आणि पहिल्यांदा सगळं खरं सांगितलं. वाटलं होतं, हसेल. ती हसली नाही.

"काका, तुम्ही हे कुणाकडून ऐकलंत?"

"काय?"

"रोमन लोकांत होतं हे. कुणी परदेशी गेलेला असला, आणि तो मेला अशी खोटी बातमी घरी आली, आणि नंतर तो जिवंत परत आला, तर त्याला दारातून आत घ्यायचे नाहीत. वर चढायचं, आणि छपरातून खाली सोडायचं."

"का?"

"कुणी म्हणतं, ज्याचं सुतक पाळून झालं तो अशुद्ध. ग्रीक लोकांत तर अशाला अंघोळ घालून बाळासारखा गुंडाळायचे. परत जन्मला असं धरायचे. पण नक्की कुणालाच माहीत नाही. दार मेलेल्याला ओळखतं, असं काहीतरी असेल. मी पेपर लिहिलाय त्यावर, बी प्लस मिळाला."

"आणि चुकून दारातनं आला तर?"

ती गवताकडं बघत राहिली. "ते कुणी लिहिलेलं नाही, काका. तसं कुणी होऊच दिलं नसेल."

मग माझा हात धरला. "हे सगळं मनाचं असतं. प्रसन्नदादाला डॉक्टरकडं न्या. व्हिटॅमिन डी बघायला सांगा."

नेलं की. सोमवारीच नेलं. सगळं नॉर्मल आलं. रक्त घ्यायला मात्र त्या नर्सला चार वेळा सुई लावावी लागली. म्हणाली, शीर सापडत नाही.

७

शनिवारी दुपारी अस्मिता ग्रोसरीला गेली. मी शिडी काढली. अडुसष्ट वय माझं, पण छपरावर मी पायांनी नाही चालत, सवयीनं चालतो. इथली छपरं बघितलीत? कौल नाही, काही नाही, डांबरी पुठ्ठा ठोकलेला. जिन्याच्या वर उजेडासाठी काचेचं झाकण बसवलेलं. त्याचे स्क्रू काढायला मला अर्धा तास लागला. झाकण बाजूला ठेवलं. खाली वाकून बघितलं तर जिना, आणि जिन्याखाली पुढचं दार.

मग हाक मारली. "प्रसन्ना! छपराच्या पन्हळीत कावळ्याचं घरटं आहे. वर ये, हात दे."

आला बिचारा. त्या दिवसांत सांगेल ते करायचा. शिडी त्याच्या वजनानं वाकली नाही.

मी त्याच्या कमरेला दोर बांधला. "आता इथनं आत उतर."

"का?"

"गंमत."

"बाबा," तो म्हणाला, "तुमच्या गमतींना मी लहानपणापासून घाबरतो."

मग मी सांगितलं. छपरावर बसून, त्याच्याकडं न बघता. कावळा, फोन, आत्याचं रडणं, पिंड. वाटलं, शिव्या देईल. त्यानं दोराची गाठ चाचपली.

"म्हणून होय," म्हणाला. "मी दारातून येतो, पण आत आल्यासारखं वाटत नाही. पंधरा-वीस दिवस झाले. वाटतं, बाहेरच राहिलोय. अस्मिताला सांगितलं नाही. घाबरेल ती." मग माझा हात धरला. बर्फासारखा होता. "बाबा, मला घरी यायचंय."

तो भोकात पाय सोडून बसला. मी दोर कमरेला गुंडाळून धुराड्याला टेकलो आणि सोडायला लागलो. त्याची टाळू खाली जाताना दिसत होती. दोन भोवरे, मधे खपली.

तेवढ्यात खाली पुढच्या दाराची मूठ हलल्याचा आवाज आला. कुणी तरी बाहेरनं फिरवत होतं, हळू, कुलूप आहे हे माहीत असल्यासारखं.

मला बघायचं नव्हतं. पण छपरावरचा माणूस मी, खालच्यांची डोकी बघत जन्म गेला. नजर आपोआप कडेपलीकडं गेली. ओट्याचं छप्पर फार पुढं नाही. पायरीवर कुणी तरी उभं होतं. खांद्याला पट्टा. भर उन्हात टाळू दिसली मला. दोन भोवरे. मधे खपली.

दोर हातात होता, आणि दोराला वजन होतं.

मग पायरीवरच्यानं मान वर करायला सुरुवात केली. कपाळ दिसलं. भुवया दिसल्या. मी डोळे मिटले आणि दोर सोडत राहिलो, सोडत राहिलो, आणि खालनं आवाज आला.

टुंग.

शिडीवरनं कसा उतरलो, आठवत नाही. पायरीवर कुणी नव्हतं. पुढचं दार वीतभर उघडं होतं. प्रसन्न जिन्याच्या वरच्या पायरीवर बसलेला, कमरेला दोर, घामानं अंघोळ केल्यासारखा भिजलेला.

"बाबा," म्हणाला, "भूक लागलीय."

तो खाली उतरला. तिसरी पायरी कुरकुरली. पातेलंभर भात खाल्ला त्यानं, मी कालवून दिला. ते टुंग छपरातनं उतरलेल्यासाठी वाजलं का दारातनं आलेल्यासाठी, ते मी त्याला विचारलं नाही. तुम्हीही मला विचारू नका.

अस्मिता आली आणि उघड्या छपराकडं बघून माझ्याशी आठ दिवस बोलली नाही. सोमवारी सकाळी प्रसन्न गेला, टुंग. संध्याकाळी सव्वासहाला मी दाराशी उभाच होतो. टुंग.

८

आठवड्यानं शोभनाला फोन केला. तिला छपराचं सांगितलं नाही, म्हटलं, आता लाइन चांगली आहे, बोल पोराशी. ती रडायलाच लागली. "दे रे. नुसता आवाज ऐकू दे." मी स्पीकर लावला.

"हॅलो," प्रसन्न म्हणाला.

"बाळा!" ऐकू आला तिला. तिनं हाक मारली तेव्हा लताबाईंच्या घरातली सगळी गप्प झाली असतील. "बाळा, बोल की! बोल आत्याशी!"

प्रसन्ननं माझ्याकडं बघितलं. मग फोनकडं, अदबीनं, लग्नात अनोळखी म्हातारीनं गालावर हात फिरवला तर बघतो तसं.

"नमस्कार. सॉरी, मी ओळखलं नाही. आपण कोण?"

मी म्हटलं, बापाच्या वरताण निघाला, सूड घेतोय. डोळा मारला त्याला. त्यानं उलट मारला नाही. मी आत जाऊन फोटो आणला. तिच्या मांडीवर हा, झबलं घातलेला, तिची माळ मुठीत धरून.

"हा मी ना?" म्हणाला. "मला कुणी घेतलंय?"

"आत्या तुझी! शोभनाआत्या!"

"तुम्हाला बहीण आहे? बाबा, कधी बोलला नाहीत." खरंच वाईट वाटलं होतं त्याला. बाकी सगळं आठवत होतं. शाळा आठवत होती, तापात कुणी तरी कपाळावर घड्या ठेवायचं ते आठवत होतं. कोण, ते नव्हतं. जिनं वाडीला त्याचा पिंड ठेवला, तिच्या जागी नुसती जागा.

पलीकडं ती सगळं ऐकत होती. मी स्पीकर बंद केला, फोन कानाला लावून परसात गेलो. म्हटलं, शिव्या दे शोभना, काहीतरी बोल.

"दादा, जेवतो का रे नीट?"

"जेवतो. दोनदा मागून घेतो."

"अंगात ताकद आहे?"

"आहे."

मग म्हणाली, "असू दे मग. त्याला सारखं माझं विचारत बसू नकोस. घाबरेल पोरगं."